खोटं कोण बोलतंय, १९७० चा सिनेमा की २०२१ ची मालिका? (एका एडिटरचं जरा लांबलचक उत्तर)

आधी प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मधूनच वाचायला आलेल्यांनाही कळेल. विचारणाऱ्यांनी बीटल्सवरची (जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो या चौघांचा इंग्लंडचा बँड) 'गेट बॅक' ही पीटर जॅक्सनची मालिका बघितली, तिन्ही भाग, जवळजवळ आठ तास, आणि जाम आवडली. मग कौतुकाने मामांना दाखवली. मामा जुने फॅन, 'लेट इट बी' हा जुना सिनेमा त्यांनी कुठूनतरी मिळवलेल्या व्हिडिओ कॅसेटवर कितीतरी वेळा बघितलेला. मामा पहिल्या भागानंतरच उठले आणि म्हणाले, हे सगळं धुऊनपुसून इस्त्री करून दाखवलंय, खरं काय ते आम्ही तेव्हाच बघितलंय. नेटवरही तेच, अर्धे फॅन म्हणतात पन्नास वर्षं आपल्याला खोटं सांगितलं, उरलेले म्हणतात खोटं आत्ता सांगतायत. विचारणाऱ्यांचा प्रश्न असा की फुटेज तर दोन्हीकडे बँडच्या जानेवारी १९६९ च्या तालमींचंच आहे, मग खोटं बोलतंय कोण?

मी संगीतातला तज्ज्ञ वगैरे नाही, गिटारचे तीन कॉर्ड येतात तेही पावसाळ्यात. पण गेली बावीस वर्षं मुंबईत डॉक्युमेंट्री एडिट करतोय, आणि तुमचा प्रश्न बँडबद्दल वाटत असला तरी तो खरं म्हणजे एडिटिंगचा आहे. म्हणून लिहायचं धाडस.

सुरुवातीलाच सांगून टाकतो, तुम्हाला काय वाटेल हे बरंचसं तुमच्यावर अवलंबून आहे. कुठलं आधी बघितलं, कुठल्या वयात बघितलं, तुम्ही स्वतः कधी बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात किंवा नाटकाच्या तालमीत बसलायत का, या सगळ्यावर. तालमी बघितलेल्या माणसाला 'गेट बॅक'मध्ये भांडण फारसं दिसतच नाही, त्याला नेहमीचा मंगळवार दिसतो. माझा एक साउंड रेकॉर्डिस्ट मित्र पहिला भाग बघून म्हणाला, "यात विशेष काय, चहा कुठाय?" (चहा आहे. टोस्टही आहे. भरपूर आहे.)

आता हिशोब बघा. डायरेक्टर मायकेल लिंडसे-हॉग आणि त्याच्या युनिटने महिनाभरात १६ एमएमवर साधारण ६० तासांचं पिक्चर शूट केलं आणि नाग्रा टेपवर (शूटिंगला वापरायचा तो टेपरेकॉर्डर) साधारण १५० तासांचा आवाज रेकॉर्ड केला. 'लेट इट बी' सिनेमा आहे साधारण ८० मिनिटांचा, म्हणजे शूट केलेल्या दर ४५ मिनिटांमागे १ मिनिट ठेवलं. जॅक्सनची मालिका ४६८ मिनिटांची, म्हणजे साधारण ८ मिनिटांमागे १. ४५ मिनिटांतलं एक मिनिट निवडायचं म्हटलं की एडिटरचा हात आपोआप काहीतरी 'घडतंय' अशा मिनिटाकडे जातो, आणि चार माणसं खोलीत बसलेली असताना घडतं काय, तर एक गाणं नाहीतर एक वाद. मधलं जे असतं, पेपर वाचणं, जांभया देणं, एकमेकांची नक्कल करणं, जुनी रॉक अँड रोलची गाणी अर्धवट वाजवून सोडून देणं, ते पहिल्या रफ कटमध्येच उडतं. मीही उडवतो. उडवलं नाही तर प्रोड्यूसर उडवायला लावतो. आठ तास मिळाले की तेच मधलं परत येतं, आणि खरं तर माणसांचं एकमेकांशी जमतंय की नाही ते त्या मधल्यातच कळतं. म्हणजे जॅक्सनने आनंद बाहेरून आणून चिकटवला असं नाही, त्याच्याकडे तो ठेवायला जागा होती.

एवढ्यावर भागलं असतं तर उत्तर सोपं होतं, मामा चूक, भाचा बरोबर. पण तसं नाहीये.

एक माझ्याच पापाची गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावातल्या जुन्या संगीत मंडळीवर डॉक्युमेंट्री एडिट करत होतो, नावं सांगत नाही. तालमीचा सीन होता, गायक पेटीवाल्याला सांगतो, जरा खाली वाजवा, माझा आवाज झाकला जातोय. साधंच बोलणं. आता कॅमेरा एकच होता आणि तो गायकावर, म्हणजे पेटीवाल्याची रिअॅक्शन शूटच झाली नव्हती. मी बिनमध्ये (शूट केलेले शॉट ठेवतात तिथे) शोधलं तर पेटीवाल्याचा एक भारी क्लोजअप सापडला, तोंड वाकडं, डोळे बारीक, नजर खाली. लावला. सीन एकदम जिवंत झाला, डायरेक्टरने टाळी दिली. स्क्रीनिंगला पेटीवाल्याची बायको आली होती, ती संपल्यावर सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "अहो, ते तोंड त्यांनी चहात साखर नव्हती म्हणून केलं होतं, मी तिथेच होते." आणि गावात तोपर्यंत दोघांचं फाटलंय अशी चर्चा सुरूसुद्धा झाली होती. शॉट खरा होता, वाक्य खरं होतं, दोघांच्या मध्ये जो कट होता तो खोटा. हा कट मी बावीस वर्षांत विसरलो नाही आणि दुसऱ्यांचं काम बघतानाही डोळे आधी तिकडेच जातात.

तर हा चष्मा लावून तुमच्या दोन्ही सिनेमांकडे बघू.

'लेट इट बी'मधला सगळ्यात गाजलेला तुकडा म्हणजे ६ जानेवारीचा पॉल आणि जॉर्जचा वाद. जॉर्ज थंडपणे म्हणतो की तू म्हणशील ते वाजवतो, नको म्हणालास तर वाजवतच नाही. पन्नास वर्षं बीटल्स का फुटले याचा पुरावा म्हणून हाच तुकडा दाखवला गेला. जॅक्सनच्या कटमध्ये तोच वाद लांब दिसतो, आणि लांब दिसला की कळतं की पॉल दमदाटी करत नाहीये, तो चाचपडतोय, आपण बोललो की तुला त्रास होतो हे मला कळतंय असं स्वतःच कबूल करतोय, मध्येच आदल्या वर्षीच्या 'हे ज्यूड'च्या वेळचं उकरतोय (तेव्हा जॉर्जला दर ओळीनंतर गिटारने उत्तर द्यायचं होतं, पॉलने नको म्हटलं होतं). आणि हेही कळतं की जॉर्जचं दुखणं त्या एका वाक्यापुरतं नाही, बरंच जुनं आहे. म्हणजे लांब कटमुळे वाद सौम्य झाला का? मला तर तो जास्त बोचला. छोट्या तुकड्यात एक व्हिलन आणि एक बिचारा दिसतो, लांब तुकड्यात दोन दमलेले मित्र दिसतात ज्यांना यातून बाहेर कसं पडायचं ते माहीत नाही.

आणि धुऊनपुसून म्हणणाऱ्या मामांना एक सांगा. १० जानेवारीला जॉर्ज बँड सोडून निघून गेला, ही त्या महिन्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती १९७० च्या सिनेमात नाहीच आहे. अजिबात नाही. सिनेमा बीटल्सच्याच कंपनीचा, म्हणजे लिंडसे-हॉग ज्यांना शूट करत होता तेच त्याचे मालक, काय ठेवायचं आणि काय नाही हे शेवटी त्यांच्या हातात. ते सगळं जॅक्सनने दाखवलं, जाणं दाखवलं, त्यानंतर उरलेल्या तिघांनी केलेला तो चिडका गोंगाट दाखवला, जॉर्ज आला नाही तर गिटारिस्ट एरिक क्लॅप्टनला घेऊ असं जॉन म्हणतो तेही दाखवलं. पुढच्या सोमवारी, १३ तारखेला, जॉनचाही पत्ता नाही आणि पॉल म्हणतो की आता दोघेच उरलो, तेव्हा त्याचे डोळे भरून येतात आणि कॅमेरा हलत नाही. हे ज्याला लपवायचंय तो असा कट करत नाही.

मग मामांचं बरोबर कुठे आहे? आहे, तीन-चार ठिकाणी आहे.

एक म्हणजे पिक्चर ६० तास आणि आवाज १५० तास, म्हणजे कमीत कमी ९० तासांच्या बोलण्याला चित्रच नाही. जॅक्सनला त्यातलं महत्त्वाचं बोलणं वापरायचं होतं, मग वर चित्र काय लावायचं? तर त्याच दिवसांतले पाठमोरे शॉट, लांबचे शॉट, कोणाचा तरी ऐकतानाचा चेहरा. म्हणजे माझा पेटीवाला! फॅन लोकांनी हे बरोबर पकडलं, कपड्यांवरून, कपाच्या जागेवरून, गिटार कुठली गळ्यात आहे त्यावरून. माझं मत, बहुतेक ठिकाणी त्याने सांभाळून केलंय, ओठ स्पष्ट दिसत नाहीत असे शॉट घेतलेत, पण एखादा चेहरा एखाद्या वाक्याला 'उत्तर' देतोय असं वाटलं की मी मनात एक प्रश्नचिन्ह ठेवतो, आणि तुम्हीही ठेवा. मालिकेच्या सुरुवातीलाच पाटी आहे की निवड करावी लागली आहे, पण घटना आणि माणसं जशी होती तशी दाखवायचा प्रयत्न केलाय. पाटी प्रामाणिक आहे. फक्त पाटी कोण वाचतं.

दुसरं, आवाजाचं काम. नाग्राची टेप मोनो, म्हणजे सगळं एकाच ट्रॅकवर, ड्रम, गिटार, बोलणं, कपबश्या. त्यात ही मंडळी हुशार, खाजगी बोलायचं असलं की नुसतीच गिटार खाजवत बसायची म्हणजे माइकला बोलणं ऐकू येऊ नये. जॅक्सनच्या वेलिंग्टनच्या टीमने मशीन लर्निंग वापरून ती गिटार बाजूला काढली आणि खालचं बोलणं वर आणलं. ज्याने आयुष्यात कधी पंख्याच्या आवाजातून इंटरव्ह्यू वाचवायचा प्रयत्न केलाय त्याला हे बघून रडू येईल, मला आलं. (याच तंत्राने पुढे जॉनच्या जुन्या कॅसेटमधून आवाज वेगळा काढून २०२३ मध्ये 'नाउ अँड देन' आलं.) पण विचार करा, त्या माणसांनी मुद्दाम झाकलेलं बोलणं आपण पन्नास वर्षांनी उघडलं. आणि त्याहून अवघड म्हणजे तो कुंडीतला माइक. १३ तारखेला जेवणाच्या वेळी लिंडसे-हॉगच्या लोकांनी कँटीनमध्ये फुलाच्या कुंडीत माइक लपवला आणि जॉन-पॉलचं बोलणं रेकॉर्ड केलं, जॉर्जच्या मनात एक जखम चिघळत राहिली आणि आपण तिला मलमपट्टीसुद्धा केली नाही असं जॉन म्हणतो. काळ्या पडद्यावर अक्षरं आणि काटे-चमच्यांच्या खणखणाटात आवाज. फॅन म्हणतात मालिकेतला सगळ्यात मोठा खजिना. खजिना आहेच, पण मी स्वतः असा आवाज टाइमलाइनवर टाकताना दहा वेळा विचार केला असता. बहुतेक शेवटी टाकला असता, खोटं का बोलू.

तिसरं चित्राचं. ग्रेन (फिल्मवर दिसणारे बारीक दाणे) इतकं साफ केलंय की काही ठिकाणी चेहरे मेणाचे वाटतात. मामांच्या पिढीचे डोळे फिल्मच्या ग्रेनला सरावलेले, त्यांना हे 'इस्त्री केलेलं' वाटणं साहजिक आहे, आणि मला वाटतं त्यांच्या नाराजीतली निम्मी तरी नाराजी ही डोळ्यांची आहे, गोष्टीची नाही. मे २०२४ मध्ये जुना 'लेट इट बी' रिस्टोअर होऊन परत आला, तो लावून द्या मामांना, कॅसेटवरच्या त्या अंधाऱ्या कॉपीपेक्षा खूप उजळ आहे. माझा तर संशय आहे की 'उदास सिनेमा' ही ख्याती काही प्रमाणात त्या खराब कॉप्यांनी पसरवली. तेच हसू काळ्या-निळ्या धुरकट चित्रात असलं की दात विचकल्यासारखं दिसतं.

आणि चौथं, काय नाहीये ते. त्या काळातलं जॉनचं हेरॉइन मालिकेत जवळजवळ उघडपणे येत नाही, आणि ज्या फॅनना ते माहीत आहे त्यांना जॉनचं ते पहिल्या आठवड्यातलं गप्प गप्प असणं वेगळं दिसतं. श्रेयनामावलीत प्रोड्यूसर म्हणून पॉल, रिंगो, जॉनची बायको योको आणि जॉर्जची बायको ऑलिव्हिया हॅरिसन यांची नावं आहेत हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणजे १९७० लाही घरचेच मालक होते आणि २०२१ लाही. फरक इतकाच की तेव्हा मालक एकमेकांवर रागावलेले होते.

हा मुद्दा लोक विसरतात म्हणून जरा थांबतो. शूटिंग जानेवारी १९६९ चं. त्यानंतर याच चौघांनी 'अॅबी रोड' हा अल्बम केला, तो सप्टेंबर १९६९ ला आला. 'लेट इट बी' सिनेमा आला मे १९७०, आणि त्याच्या महिनाभर आधी, १० एप्रिलला, पॉल बाहेर पडल्याची बातमी जगभर झाली होती. २० मेला लंडनला प्रीमियर झाला तेव्हा चौघांपैकी एकही आला नाही. म्हणजे प्रेक्षक थिएटरात बसला तो घटस्फोटाचे कागद वाचून लग्नाची सीडी बघायला बसल्यासारखा. नवऱ्याने जांभई दिली तरी तो म्हणणार, बघा, तेव्हापासूनच! १९७० च्या कटमध्ये तारखा नाहीत, निवेदन नाही, पाट्या नाहीत, काय कधी झालं काही कळत नाही, मग माणूस आपल्या डोक्यातली गोष्टच वर चढवणार. जॅक्सनने उलट केलं, कॅलेंडर लावलं, रोज एक दिवस खोडायचा. त्याने काय झालं, तर तोच कंटाळा 'अरे बापरे, फक्त एवढेच दिवस राहिले आणि गाणी तयार नाहीत' असा वाटायला लागला. रिंगोला फेब्रुवारीत दुसऱ्या सिनेमाचं शूटिंग होतं, त्यामुळे डेडलाइन खरीच होती, पण कॅलेंडर हा एडिटरचा शोध आहे. सस्पेन्स त्याने तयार केला. तो काही निरागस नाही.

योकोबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. जुन्या फॅनच्या डोक्यात 'लेट इट बी'मधली योको म्हणजे जॉनच्या खांद्याला चिकटलेली काळ्या कपड्यांतली गप्प बाई. ८० मिनिटांत ती दर वेळी फ्रेममध्ये आली की आपण विचारतो, ही इथे काय करतेय? आठ तासांत उत्तर मिळतं, पेपर वाचतेय, शिवणकाम करतेय, ब्रशने अक्षरं काढतेय, म्हणजे काहीच करत नाहीये. नवीन फॅनचं मत सगळ्यात जास्त इथेच फिरलं. पॉल तर १३ तारखेला त्या वेळीच म्हणून ठेवतो की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको अॅम्प्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले. आता यावर मी एक एडिटर म्हणून एवढंच म्हणेन की ते वाक्य सापडल्यावर जॅक्सन नक्की खुर्चीतून उठला असेल. अशी वाक्यं दहा वर्षांत एकदा मिळतात. पण बरोबरीने हेही खरं की कामाच्या खोलीत रोज एक बाहेरचं माणूस बसलं की बाकीच्यांचं बोलणं बदलतं, आणि १३ तारखेच्या त्याच गप्पांत तेही येतं. दोन्ही ठेवलंय.

जॉर्जबद्दल मात्र तुम्ही विचारलं नाहीत, पण मला बोलायचंय, कारण तरुण फॅनच्या प्रतिक्रियांत सगळ्यात जास्त जीव त्याच्यावर दिसतो आणि त्याचं एक टोक आपल्या मुंबईत आहे. बरोबर एक वर्ष आधी, जानेवारी १९६८ मध्ये, जॉर्ज मुंबईत होता, फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत 'वंडरवॉल' या सिनेमाचं संगीत रेकॉर्ड करत होता. हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, आशिष खाँ यांच्यासारखे लोक समोर, आणि सेशन याचं. बीटल्सच्या 'द इनर लाइट' गाण्याचा वाद्यांचा ट्रॅक तिथलाच. मग १९६८ च्या शेवटी अमेरिकेत बॉब डिलनच्या घरी, 'द बँड' नावाच्या ग्रुपच्या लोकांत, सगळे बरोबरीने वागवणारे. आणि तिथून थेट ट्विकनहॅम फिल्म स्टुडिओच्या, जिथे या तालमी सुरू झाल्या, त्या गारठलेल्या शेडमध्ये, सकाळी, जिथे त्याला सांगितलं जातं की इथे गिटार नको. ८ तारखेला तो आदल्या रात्री लिहिलेलं 'आय मी माइन' ऐकवतो, जॉन आणि योको त्यावर वॉल्ट्झ नाचतात, हसायला येतं, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघा. 'ऑल थिंग्ज मस्ट पास'ची तालीम होते आणि ते गाणं तसंच बाजूला राहतं. पहिल्या दिवशी तर सेटवर एका कोपऱ्यात हरे कृष्णवाले जॉर्जचे पाहुणे बसलेत आणि जॉन-पॉल त्यावरही विनोद करतायत. ही सगळी संगती मालिका सांगत नाही, मुंबईचं तर नावही नाही. पण ती माहीत असली की १० तारखेचं जाणं हा रागाचा झटका वाटत नाही.

दुसऱ्या भागात ऋषिकेशचा (आदल्या वर्षी चौघं तिथे ध्यान शिकायला गेले होते) विषय निघतो तोही असाच. पॉल तिथे काढलेली फिल्म बघून आलाय आणि आम्ही तिथे कसे आज्ञाधारक शाळकरी पोरांसारखे वागत होतो अशी चेष्टा करतोय, जॉन हसतोय, आणि जॉर्ज एकटाच ते मनावर घेऊन उत्तर देतो. दोन मिनिटांचा सीन असेल नसेल. जॉर्ज कुठे उभा होता आणि बाकीचे कुठे, हे मला कुठल्याही भांडणापेक्षा तिथे जास्त दिसलं.

मधल्या मध्ये आत्तापर्यंतचं एकदा गोळा करतो, नाहीतर मीच हरवेन. जुना सिनेमा खोटा नाही, तो आखूड आहे, त्याला जॉर्जचं जाणं दाखवता आलं नाही आणि तो चुकीच्या महिन्यात आला. नवी मालिका खोटी नाही, पण तिने चित्र नसलेल्या ठिकाणी चित्र लावलंय, कॅलेंडरने ताण तयार केलाय आणि काही गोष्टींवरून ती हळूच पुढे सरकलीय. मामा आणि तुम्ही भांडताय ते बीटल्सवर नाही, तुम्हाला कुठल्या एडिटरने आधी गाठलं यावर. आणि हे फक्त प्रेक्षकांचं होतं असंही नाही! रिंगो कितीतरी वर्षं सांगत होता की जुन्या सिनेमात आनंदच नाही, आणि पॉललाही नवं फुटेज बघून त्या दिवसांबद्दल वेगळं वाटायला लागलं असं त्याने जाहीरपणे म्हटलंय. जो स्वतः त्या खोलीत होता त्याची आठवणसुद्धा सिनेमाने घडवलेली होती, मग तुमच्या मामांना काय दोष द्यायचा.

आता 'आठ तास खरंच लागतात का' या उपप्रश्नाकडे. नाही लागत, सगळ्यांना नाही लागत. पहिला भाग मलाही दोन बैठकांत बघावा लागला. लिबियातल्या जुन्या रोमन थिएटरमध्ये कार्यक्रम करू ही लिंडसे-हॉगची टकळी तिसऱ्यांदा सुरू झाली की मी उठून भांडी घासली. गच्चीवरच्या कार्यक्रमाच्या बाबतीत तर मी मामांच्या बाजूने आहे. ३० जानेवारी १९६९, सॅव्हिल रो, दुपार, ४२ मिनिटं, दहा कॅमेरे. जॅक्सनने ते पूर्ण दाखवलं आणि त्यासाठी त्याचे आभार, पण स्क्रीनचे तुकडे करून खालच्या रिसेप्शनमधल्या पोलिसांवर इतका वेळ घालवलाय की वर चौघं (आणि इलेक्ट्रिक पियानोवर बिली प्रेस्टन) काय जोरात वाजवतायत ते मधूनमधून हातातून निसटतं. जुन्या सिनेमात तो भाग साधा, सलग आणि गार हवेसकट आहे. तेवढा तुकडा जुना बघा.

बिलीवरून आठवलं, ट्विकनहॅम सोडून अॅपलच्या (म्हणजे बीटल्सच्याच कंपनीच्या) तळघरात आल्यावर, २२ तारखेला तो सहज भेटायला येतो, पियानोवर बसतो आणि चौघांचे चेहरे बदलतात. पाहुणा आला की घरातली भांडणं बंद होतात ना, तसं. बिली दोन्ही सिनेमांत दिसतो, पण आधीचे तीन आठवडे सोसले असतील तरच त्याचं हे येणं अंगावर येतं. आठ तासांच्या बाजूने माझा सगळ्यात मोठा मुद्दा हाच.

आणि शेवटी ७ जानेवारी. मामांना पूर्ण मालिका परत बघायला लावू नका, फक्त एवढाच तुकडा लावा. जॉन अजून आलेला नाही. पॉल बेस गिटारवर एकाच ठिकाणी नुसतं घासतोय, तोंडाने काहीही बडबडतोय, शब्द नाहीत, चाल नाही. समोर जॉर्ज आणि रिंगो बसलेत, जॉर्ज मोठ्ठी जांभई देतो. पॉल थांबत नाही, आणि काही मिनिटांत त्या घासण्यातून 'गेट बॅक' दिसायला लागतं, रिंगो टाळ्या धरतो, जॉर्ज गिटार उचलतो. माझ्या हातात ८० मिनिटांचा सिनेमा असता तर मी गाणं ठेवलं असतं आणि जांभई कापली असती. किंवा भांडणाच्या सीनला एक रिअॅक्शन कमी पडतेय म्हणून ती जांभई उचलून तिकडे लावली असती. मामांना विचारा, त्यांनी काय केलं असतं, आणि जमलं तर इथे लिहा.